झालबुर्गच्या वेशीबाहेरची वस्ती

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

नवी वही. शाळेत नवं हजेरीपत्रक आलं की आधी नावं लिहून काढायचो, मग शिकवायला सुरुवात. तसंच करतो. मी शिवशरण, वय ब्याऐंशी, निवृत्त शिक्षक, मुक्काम कडा. मुलगा बसवेश्वर, त्याचं बी-बियाण्यांचं दुकान. सून जगदेवी. नात शिवांजली, वय एकोणतीस, इंजिनिअर, तीन वर्षांपासून जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळ. गैरहजर.

वही काढायला कारणं दोन. वाचनालयाचे चिटणीस बद्रीनाथ काल घरी आले आणि डिसेंबरातल्या व्याख्यानमालेत एक दिवस माझ्या नावावर टाकून गेले. विषय माझ्या मर्जीचा. तो मनात ठरलेलाच आहे. दिवाळीनंतर शिवांजलीनं एका किल्ल्याचे फोटो पाठवले. झालबुर्ग त्याचं नाव. रोमन साम्राज्याच्या अगदी टोकावरचा, डोंगराच्या खिंडीतला. आमच्या क्रमिक पुस्तकात रोम दीड पानात संपायचं आणि किल्ले सगळे कवितांत असायचे. फोटो पाहिल्यापासून मी घरात एका जागी बसलेलो नाही. ओसरी ते दुकान, दुकान ते ओसरी. जगदेवी म्हणाली, "मामा, पायाला काय बांधलंय?"

दुसरं कारण शिवांजलीचं लग्न. पुढच्या उन्हाळ्याच्या आत पोरगी इकडे यावी, आपल्यातलं चांगलं घर मिळावं. बसवेश्वर हा विषय काढला की दुकानाची किल्ली शोधायला लागतो. म्हणजे मलाच बघावं लागणार.

२१ नोव्हेंबर

सकाळी शिवांजलीचा लांबलचक निरोप आला. मी तिला तट, बुरूज, लढाया यांची माहिती मागितली होती. तिनं पाठवलं ते असं.

किल्ल्यात पाचशे सैनिक, पण त्यांतले फार थोडे खुद्द रोमचे. पलटणीचं नाव दुसरी रेशियन. रेशिया म्हणजे आल्प्सच्या डोंगरातला मुलूख. तिथली पोरं भरती करून इथं सरहद्दीवर आणली. पुढे आजूबाजूचीही भरती झाली. किल्ल्याच्या वेशीबाहेर वस्ती वाढली. व्यापारी, कुंभार, लोहार, खानावळवाले आणि सैनिकांच्या बायका. "अप्पा, शिपायाला नोकरीत असेपर्यंत कायद्यानं लग्न करता येत नव्हतं. तरी वेशीबाहेर संसार होते. उत्खननात विहिरी सापडल्या, शंभराच्या आसपास, आणि विहिरींच्या गाळात चामड्याची पायताणं. बायकांची, लहान पोरांचीसुद्धा. ती बघताना मला फार वेळ हलवेना."

मी लिहिलं, बेटा, पायताणं ठीक आहेत, तटाची उंची किती ते कळव.

किल्ल्यावरच्या कविता वर्गात म्हणून घेताना मी डस्टर टेबलावर आपटून ठेका धरायचो. तोफ, भगवं निशाण, घोड्याची टाप. विहिरीतल्या चपलेला ठेका कसा धरायचा?

२४ नोव्हेंबर, रविवार

दुकानासमोरच्या बाकड्यावर आश्रुबा. आमच्या शाळेचा जुना शिपाई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याचा धाकटा, हनुमान, बायकोला घेऊन परवा ऊसतोडीला कर्नाटकात गेला. आश्रुबा नातवाला सांभाळतो आणि दिवसभर आम्हाला.

मी मोबाइलवर किल्ला दाखवला. विचारतो, "केवढा हाय?"

"साधारण आठ एकर."

"आठ? मंग आमच्या भावकीचं रान ह्याच्याहून मोठं हाय की. त्याला कुनी तट बांदला न्हाई म्हनून, न्हाईतर तुमी आमच्यावर बी भाषान ठोकलं असतं."

त्याला समजावलं. किल्ला एकटा नव्हता. साडेपाचशे किलोमीटरची हद्द, लाकडी खुंटांचा कूड, त्यामागे खंदक, आणि एका बुरुजावरून दुसरा दिसेल असे नऊशेच्या आसपास बुरूज.

"येवढं कावून केलं? पल्याडचे लई मारके व्हते का?"

"चाट्टी नावाचे लोक होते. पुढे अलेमानी. पण रोज लढाई नसायची. हद्दीला वाटा ठेवलेल्या असायच्या. पल्याडचे लोक गुरं, कातडी घेऊन यायचे, तपासणी व्हायची, बाजार करून परत जायचे."

"म्हंजी नाका," आश्रुबा म्हणाला. "आपल्या करोडगिरीवानी."

इतके दिवस बुरूज मोजत होतो आणि नाका दिसला तो आश्रुबाला. आमचा मुलूख निजामाचा, मोगलाई; करोडगिरी म्हणजे त्याची जकात. चार-सहा कोसांवर नगरकडची इंग्रजी हद्द. माझी आई त्या हद्दीपल्याडची. माहेराहून येताना नाक्यावर तिचं गाठोडं सोडून बघत. मला आठवतं ते इतकंच, की एकदा शिपायानं गाठोड्यातला तिळाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला होता, आणि आईनं तो मला खाऊ दिला नाही.

२८ नोव्हेंबर

आज एक काम मार्गी लावलं. बारा जानेवारीला बीडला आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा आहे. नावं नोंदवली की रंगीत पुस्तिकेत फोटोसह छापून येतात, मग घरच्यांनी मंचावर जाऊन एक मिनिट परिचय द्यायचा. फॉर्म रविराजच्या फोटो स्टुडिओत मिळाला. तिथंच बसून भरला. शिक्षण, उंची, रास, मामाचं गाव. 'विशेष माहिती' या रकान्यात लिहिलं: योग्य स्थळ आल्यास परदेशातील नोकरी सोडून परतण्यास तयार. शेवटचा रकाना 'मुलीची संमती'. होय, नाही. होयवर खूण केली. माझ्या मांडीवर पाढे शिकलेली पोर. तिचं होय मला ठाऊक नसेल तर कुणाला?

फोटोसाठी किल्ल्याच्या वेशीसमोरचा निवडला. हसरा आहे. रविराजनं संगणकावर मोठा केला आणि म्हणाला, "अप्पा, ताईच्या खांद्यावर हा हात कुणाचा?"

खरंच, कडेला चार बोटं दिसत होती. "असेल कुणी मैत्रीण," मी म्हणालो.

रविराजनं चष्मा वर केला. "मैत्रीण लई दणकट हाय."

"तिकडच्या बायका उंचनिंच असतात."

त्यानं बोटं पुसून टाकली आणि मागे आकाश भरलं. काम सफाईदार.

घरी सांगितलं नाही. पुस्तिका आली की एकदम दाखवीन.

३ डिसेंबर

शिवांजलीशी तासभर बोललो. ती इतकी इतिहासात रमेल असं वाटलं नव्हतं. दर रविवारी किल्ल्यावर जाते. "एकटीच?" विचारलं तर म्हणाली, "नाही, सोबत असते."

आज तिनं नवी गोष्ट सांगितली. त्या पलटणींतल्या शिपायानं पंचवीस वर्षं चाकरी केली की त्याला ब्राँझच्या दोन पत्र्यांवर कोरलेली सनद मिळायची. तो आता रोमचा नागरिक. आणि सोबत असलेली किंवा पुढे करील ती बायको, मग ती परक्या मुलखाची का असेना, कायद्यानं त्याची बायको. काही सनदांवर त्या बायकोचं नाव कोरलेलं असतं, तिच्या बापाचं, तिच्या लोकांचंही. सात साक्षीदारांची नावं.

"पंचवीस वर्षं, अप्पा. तोवर त्यांनी काय केलं असेल? गावाकडे आईवडिलांना काय सांगितलं असेल?"

"त्यांच्याकडे टपाल नसेल," मी म्हणालो.

मग म्हणाली, "पणजीआजी हद्दीपल्याडची होती ना? तिला इकडे करमलं का हो?"

"हद्द काय ती, चार कोसांची. भाषा तीच, देव तोच. तुझ्या किल्ल्याची गोष्ट वेगळी. तिथं एकीकडे सुधारलेली माणसं आणि दुसरीकडे रानटी."

"कोण कुठल्या बाजूचं, अप्पा?"

असा प्रश्न तिला पडतो याचा अभिमान वाटला. वर्गात मागच्या बाकावरून एखादा पोरगा असं विचारायचा तेव्हा तो तास सार्थकी लागायचा. मी तिला पाऊण तास समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, "बरंय अप्पा, मी दमले."

नोकरीचा ताण असणार.

९ डिसेंबर

व्याख्यान लिहितो आणि खोडतो. सुरुवात सुचते ती सगळी कवितेसारखी. 'घनदाट अरण्याच्या माथ्यावर एकाकी उभा' वगैरे. आणि हा तर उभासुद्धा नाही. सन दोनशे साठच्या सुमाराला सैन्य निघून गेलं, किल्ला ओस पडला, लोकांनी दगड नेले. आज फोटोत दिसतो तो सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मन बादशहानं जुन्या पायावर पुन्हा उठवलेला. हे वाचल्यावर दिवसभर चिडचिड झाली. जगदेवीनं भाकरी वाढली तर विनाकारण म्हणालो, कडक झालीय. नव्हती.

ती म्हणाली, "मामा, शिवांजलीला तुम्ही कधी दुसरं काही विचारता का? किल्ला सोडून?"

"म्हणजे काय?"

"काही नाही." ताट उचलून गेली.

१९ डिसेंबर

पुस्तिका आली. पान बेचाळीस, क्रमांक दोनशे चौदा. छान छापलीय. जगदेवीला दाखवली. ती ते पान बघत उभी राहिली, मग पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. आनंदानं बोलता येईना तिला.

२२ डिसेंबर, रविवार

व्याख्यान झालं. पन्नासेक माणसं होती. तट, खंदक, बुरूज, पलटण सगळं सांगितलं, आवाजही लागला. शेवटी बद्रीनाथांनी शंका विचारायला सांगितल्या आणि आश्रुबा उभा राहिला.

"गुरुजी, भिंतीच्या अल्याडचं समदं सांगितलं तुमी. पल्याडचे लोक काय म्हनत व्हते?"

"त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही."

"मंग ते रानटी व्हते हे कुनी सांगितलं?"

"रोमन लोकांनी."

"म्हंजी नवरीकडच्यानं विहिनीचं वर्नन करावं तसं झालं की हे."

सभा हसली. मीही हसलो, पण नारळ घेऊन घरी येताना तेच डोक्यात. रोमनांनी लिहिलेलं वाचून मी चाट्टींना रानटी म्हटलं. त्यांना विचारलंय कोणी?

व्याख्यान शिवांजलीला पाठवलं. उत्तर नाही. नाताळची गडबड असेल.

२७ डिसेंबर

तिचा फोन आला दुपारी दोनला. तिकडे सकाळ. आवाज अगदी हळू.

"अप्पा, मला लातूरहून एका माणसाचा फोन आला. त्याला माझी उंची माहीत होती. रास माहीत होती. मी नोकरी कधी सोडणार ते विचारत होता."

मी सांगितलं, मेळाव्याची पुस्तिका. तुझ्या भल्यासाठी.

"त्यानं पान पाठवलं मला. माझ्या संमतीपुढं 'होय' छापलंय. तुम्ही मला विचारलं होतंत?"

"विचारायचं काय त्यात?"

"आणि फोटो. त्यात योनासचा हात होता. तो कुठं गेला?"

योनास. दोन वर्षांपासून. तिच्या कंपनीतला नाही, तो नर्स आहे इस्पितळात. किल्ल्यावर तोच घेऊन जायचा. आजोबांना इतिहास आवडतो म्हटल्यावर त्यानंच पुस्तकं आणली आणि दोघांनी मिळून मला ते निरोप लिहिले. मार्चमध्ये नोंदणी लग्न. "महिना झाला मी सांगायला बघतेय अप्पा. मला वाटलं तुम्हाला किल्ल्यातून सांगावं. तुम्ही कवितेचा अर्थ किती सुंदर सांगायचात. वाटलं, ओळखाल."

मी काय म्हणालो ते लिहायची लाज वाटते. आपल्यातला नाही, असं काहीतरी.

ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही आला नाहीत तरी लग्न होईल. त्याचं मला दुःख होईल, पण होईल. मात्र माझ्या नावानं जे छापलंत, ते खरं नाही असं जिथं सांगितलंत तिथंच सांगा. तोवर मी फोन करणार नाही."

२९ डिसेंबर

बसवेश्वरला सांगितलं. त्यानं वजनकाटा पुसत ऐकलं. "समाजात काय तोंड दाखवायचं, अप्पा?" एवढंच. मग जगदेवीकडे वळला, "तुला माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"आन् सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही दोघं विचारलंत का कधी?" तिनं कुकर लावला. तीन शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघरातून कुणी बाहेर आलं नाही, आत कुणी गेलं नाही.

४ जानेवारी २०२५

आठवडा झाला, मोबाइल वाजत नाही. वाजतो, पण लातूरचा, एकदा सोलापूरचा. काय सांगावं ते सुचत नाही, मी उचलत नाही.

या वहीची मागची पानं वाचली. कुठल्याही पोराला कळलं असतं. मी परीक्षक असतो तर या विद्यार्थ्याला नापास केलं असतं. लाल शाईनं काही खुणा कराव्यात असं वाटलं, पण केल्या नाहीत.

आश्रुबाला सगळं सांगितलं. तो बाकड्यावर तंबाखू मळत म्हणाला, "नर्स हाय म्हंता? मंग म्हातारपनी तुमचं बरं बघंल की त्यो."

"थट्टा नको, आश्रुबा."

"थट्टा न्हाई. माझी सून कर्नाटकात जाऊन कानडी शिकली. आता फोनवर मुकादमाला कानडीत शिव्या देती. मला एक अक्षर कळंना. पन बोलती ती माझ्या नातवासाठी, त्ये कळतं." मग हळूच, "तुमी बीडला जाणार का?"

मी म्हणालो, बघू.

१० जानेवारी

जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे दोनदा ठरवून मोडलं. तिथं चुलत-मावस सगळे असतील, माझे विद्यार्थी असतील. मी निवृत्त झालो तेव्हा याच लोकांनी माझा सत्कार केला होता. बसवेश्वर म्हणाला, "काउंटरवर सांगून नाव काढून घेऊ. एकटे नका जाऊ, मी येतो." त्याला वाटतं तेवढ्यानं भागेल. मलाही वाटतं. वाटावंसं वाटतं.

१२ जानेवारी, रविवार

परत आल्या आल्या लिहितो, चहा समोर आहे.

सहाच्या एस.टी.नं बीडला पोचलो. मंगल कार्यालय भरलेलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "पुस्तिका छापली गेली, आजोबा, आता नाव कसं काढणार? नंबर पुकारला की गप बसून राहा. पुढचा नंबर घेतील. निम्मे लोक तेच करतात."

बसवेश्वरला हायसं वाटलं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. किती सोपं होतं. कुणाला काही कळलं नसतं. मी शिवांजलीला कळवलं असतं, नाव काढलं, आणि ते जवळजवळ खरं असतं. मेळाव्यातल्या एकेका मुलीचा बाप वर जात होता, तिची उंची सांगत होता. मुली खाली मान घालून कडेला उभ्या. त्यांच्या रकान्यांत होय कुणी लिहिलं असेल, असा विचार आला आणि मला बसवेना.

दोनशे चौदा पुकारला. दुसऱ्यांदा पुकारला. बसवेश्वरनं माझा हात धरला होता. मी तो सोडवला.

माइक उंच होता, कुणीतरी खाली केला. पस्तीस वर्षं वर्गात उभा राहायचो, तसाच उभा राहिलो. म्हणालो:

"क्रमांक दोनशे चौदा माझी नात. तिची संमती म्हणून जे छापलंय ते मी तिला न विचारता लिहिलं. ती परत येणार हेही मीच लिहिलं. तिनं जर्मनीत स्वतःचं लग्न ठरवलंय. मुलाचं नाव योनास. तो इस्पितळात नर्स आहे. फोटोत त्याचा हात होता, तो मी पुसून घेतला. चूक माझी आहे. ज्यांना उगाच फोन करावा लागला त्यांची माफी मागतो."

पहिल्या रांगेत माझा एक विद्यार्थी, आता मुख्याध्यापक, बुटांकडे बघत बसला. सूत्रसंचालकानं माइकवर हात ठेवून म्हटलं, "आजोबा, इथं फक्त स्थळाचं बोलायचं असतं."

मागून एक बाई पोरीचा हात धरून वर आल्या. "झालं असंल तर सरका जरा. आमचा नंबर हाय, आन् गाडी चारची हाय."

मी सरकलो.

खाली येताना पायऱ्या दिसेनात. बसवेश्वर दाराशी उभा होता, माझी पिशवी घेऊन. चेहरा दगडासारखा. स्टँडपर्यंत चालत गेलो, तो दोन पावलं पुढे. एस.टी.त मला खिडकीपाशी बसवलं आणि आपण पलीकडच्या बाकावर बसला. मी शिवांजलीला निरोप लिहिला: मंचावर सांगितलं. सगळं. निरोपावर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. एखादं खरं बोलल्यावर बक्षीस मिळतं हे फक्त चौथीच्या पुस्तकात.

आष्टी येईपर्यंत बसवेश्वर बोलला नाही. त्याच्या मोबाइलवर दोन फोन आले, पाहुण्यांचेच असणार, त्यानं कापले. आष्टीला निम्मी गाडी रिकामी झाली. तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला. समोरच्या बाकाच्या दांडीकडे बघत म्हणाला,

"मार्चमध्ये तिकडं थंडी किती असते, अप्पा? जगदेवीला सोसंल का?"

त्या मुलखाचं मला पुष्कळ माहीत होतं. खंदक, बुरूज, शंभर विहिरी. एवढं मात्र माहीत नव्हतं.

"विचारून सांगतो," मी म्हणालो, आणि फोन लावला.